रविवारी वाफसा आला तर?

मृग कोरडाच गेला. आर्द्रा लागल्यावर एका शुक्रवारी रात्री एकदाचा पाऊस झाला, ढेकळं विरघळवणारा. शनिवारी वावरात पाय ठेवला की चपलेला चिखलाचे गोळे. म्हणजे वाफसा, पेरणीला हवी तेवढीच ओल, येणार ती रविवारी, हे गावातल्या कोणीही सांगितलं असतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या छपरीत बायबल अभ्यासाला पाच-सहा माणसं बसतात. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, ख्रिस्ती मंडळी लहान. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे रविवार आम्हीच चालवतो. त्या दिवशी वाचनात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय होता. ३३वं वचन आलं, "तुम्ही पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा", आणि पुतण्याने पुस्तक मिटलं. "काका, मंग उद्या काय करू? देवळात येऊ का सरकी लावू?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. हे वचन आमच्या घराच्या भिंतीवर कॅलेंडरसारखं टांगलेलं आहे. लहानपणापासून पाठ. पण पाठ असणं वेगळं आणि पोराने वाफशाच्या आदल्या रात्री विचारणं वेगळं. तेव्हापासून वाचत-विचारत जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

आधी 'राज्य' हा शब्द. राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हद्द येते, महाराष्ट्र संपला नि तेलंगण सुरू झालं तशी. नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे 'बासिलेया'. त्यात हद्दही येते, पण शुभवर्तमानांत बहुतेक ठिकाणी अर्थ निघतो तो राज्य करण्याचा, सत्ता चालण्याचा. आपल्या बोलीत याला फार सोपी विचारणा आहे: त्या घरात कोणाचं चालते? घर कागदावर आजोबांच्या नावाने असतं, चूल सून पेटवते, पण पोरीचं लग्न कुठे करायचं, बैल विकायचे का, यात ज्याचा शब्द शेवटचा, त्याचं त्या घरात 'राज्य'. देवाचं राज्य म्हणजे जिथे देवाचं चालतं ते.

पुष्कळांना वाटतं, हे राज्य मेल्यावरचं आहे. त्याला एक कारण मत्तयाचे शब्दही असावेत. मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो. पण मोहरीच्या दाण्याचा तोच दाखला लूक सांगतो तेव्हा म्हणतो 'देवाचे राज्य'. यहुदी माणूस देवाचं नाव सहसा तोंडाने घेत नसे, म्हणून मत्तय 'स्वर्ग' म्हणतो, असं अभ्यासक सहसा सांगतात. ठिकाण वर आहे असं त्यातून निघत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत तर उघडच आहे. "तुझे राज्य येवो" म्हटल्यावर लगेच पुढे, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. दुसरी ओळ पहिलीचा अर्थ फोडून सांगते. राज्य इथे यायचं आहे. आपण कुठे जायचं नाही.

दुसरा घोळ उलट्या बाजूचा. देवाचं राज्य म्हणजे ख्रिस्ती लोकांचं राज्य, किंवा चर्चची भरभराट, असं काही आपलेच लोक बोलतात आणि गावात गैरसमज वाढवतात. येशूच्या काळी गालीलावर हेरोद अंतिपाचा अंमल होता, यहूदियात रोमी सुभेदार होता, कराने माणसं पिचलेली होती. अशा मुलखात "देवाचे राज्य जवळ आले आहे" म्हणणं साधं नव्हतं. पाच हजारांना भाकर मिळाल्यावर लोकांनी त्याला धरून राजा करायचं ठरवलं, तेव्हा तो डोंगरावर एकटाच निघून गेला. योहानाच्या ६व्या अध्यायात आहे. रोमी सुभेदार पिलातापुढे तो म्हणाला, माझं राज्य ह्या जगाचं नाही, असतं तर माझी माणसं लढली असती. म्हणजे राज्य आणायची रीतच निराळी. मंडळी ही त्या राज्याची चाकर, मालक नव्हे.

आता 'पहिल्याने'. आम्ही या शब्दाची यादी करून टाकली आहे: पहिला देव, दुसरं कुटुंब, तिसरं काम, चौथं गाव. संदेशात फार छान वाटतं. घरी आल्यावर या यादीचा काहीच उपयोग होत नाही, कारण दिवस काही यादीसारखा उजाडत नाही. सकाळी उठल्याबरोबर बैलाला वैरण लागते, लेकराला डबा लागतो.

मला ही गोष्ट पेरणीच्या तिफणीवरून उमगली. आमचे बाबा पेरणीला पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, स्वतः धरत. मला हात लावू देत नसत. समोरच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाच्या झाडावर नजर ठेवायची आणि बैल हाणायचे. ते एक तास सरळ गेलं की दुसरं त्याच्या कडेने जातं, तिसरं दुसऱ्याच्या, असं करत सगळं वावर. पहिलंच वाकडं गेलं तर शेवटचं तासही तेवढंच वाकडं, मग जुलैत तण काढायला डवरा घालताना दिवसभर शिव्या. मी एकदा तिफण धरून मागे वळून पाहिलं, माझं तास कसं दिसतंय म्हणून. बाबा ओरडले, "मागं कायले पाह्यतं बे?" पुढे लूकचा ९वा अध्याय वाचला तर ६२व्या वचनात तेच: नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. तिकडचा नांगर हलका, एका हाताने धरायचा, दुसऱ्या हातात बैल हाकायची तुतारी. मान वळली की फाळ सरकलाच. येशूच्या पुढ्यात बसलेल्या शेतकऱ्यांना हे समजवायला लागलं नसेल.

'पहिल्याने'चा अर्थ मी आता असा घेतो. पेरणी, लग्न, सोसायटीचं कर्ज, पोरांची शाळा ही सगळी वेगवेगळी तासं आहेत, ती सोडायची नाहीत. ती कोणत्या तासाच्या कडेने जातात ते पाहायचं. 'झटा' हे क्रियापदही मुळात चालू राहणाऱ्या कामाचं आहे. एकदा ठरवलं आणि झालं, असं नाही.

आणि वचनाचा अर्धा भाग आम्ही गाताना खातो. 'त्याचे राज्य' सगळ्यांना आठवतं, 'त्याचे नीतिमत्त्व' विसरतं. ग्रीकमध्ये हा शब्द 'दिकायोसुने'. त्यात सरळ वागणं येतं आणि न्यायही येतो. मराठीत 'नीतिमत्त्व' म्हटलं की दारू-सुपारी न करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे न्याय बाहेरच राहतो.

कापसाची गोष्ट सांगतो. विकायला नेण्याच्या आदल्या रात्री गंजीवर पाणी मारायचं, म्हणजे वजन वाढतं, ही युक्ती कापूस पिकवणाऱ्या गावाला नवी नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत, पण खाजगी व्यापाऱ्याकडे कधी खपून जातं. आणि व्यापारी तरी कुठे साधू असतो? तो काट्यात मारतो, कडता कापतो. मग आपण पाणी मारलं तर बरोबरी झाली, असा हिशेब. मी स्वतः दोन वर्षं केलं आहे. १० क्विंटलला २०-२५ किलो सुटतात. तेवढ्यात घरातला किराणा येतो, म्हणून मोह लहान नाही. मी थांबलो त्यात माझी थोरवी नाही. धाकट्या पोरीने पाहिलं आणि विचारलं, "बाबा, कापसाले तहान लागते का?" त्या वर्षी जेवढा भरला तेवढाच विकला. खोट्या काट्याचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायात लिहिलं आहे, ते मी तोवर फक्त व्यापाऱ्याला लावत होतो.

न्यायाची बाजूही तशीच वावरातच सापडते. लेवीय १९मध्ये आज्ञा आहे: कापणी करताना कोपऱ्यापर्यंत सगळं कापून घेऊ नको, कापणीनंतर पडून राहिलेला सरवा वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला ठेव. बायबलातली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायलाच गेली होती. मराठी बायबलात शब्द 'सरवा'च आहे, आणि आमच्याकडे सोयाबीन निघाल्यावर बाया सरवाच वेचतात. काही धनी त्यांना हाकलतात, शेळ्या सोडतात, पण बाई चालत नाही. त्या धन्यांत ख्रिस्ती आडनावंही आहेत. रविवारी "तुझे राज्य येवो" आणि सोमवारी धुऱ्यावर काठी.

मत्तयाच्या त्याच ६व्या अध्यायात, ३३व्या वचनाच्या थोडं आधी, चिंता करू नका असं आहे. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी तुमचा स्वर्गातला बाप त्यांना खायला देतो. शेतकऱ्याला हे वाचून राग येणं मी समजू शकतो. पाखरांना बँक नोटीस पाठवत नाही! पण नीट पाहिलं तर येशू पाखराला पेरणी न करणारा म्हणतो, शेतकऱ्याला पेरू नको म्हणत नाही. पाखरू तरी घरट्यात बसून कुठे असतं, पहाटेपासून ज्वारीच्या कणसांवर त्याचं काम चालू असतं. आपल्या मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे: काळजी घेणं आणि काळजी करणं. पीक विमा काढणं, बियाण्याची पावती जपणं, पोरीच्या फीसाठी वेगळं ठेवणं, ही काळजी घेणं. रात्री २ वाजता उठून आढ्याकडे पाहत तोच हिशेब सतराव्यांदा मांडणं, ही काळजी करणं. पहिलीला येशूची हरकत दिसत नाही. प्रेषित पौल तर १ तीमथ्य ५मध्ये म्हणतो की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट.

या तरतुदीवरून एक बोचरी गोष्ट. 'राज्य पहिलं' म्हणणारे बहुतेक पुरुष असतात आणि पीठ मोजणारी बहुतेक बाई असते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. देवाचं राज्य मराठी मातीत कसं दिसेल, याचा तो मोठा प्रयोग होता. दोन वर्षांनी ते गेले. नागपूरशी त्यांचा जुना संबंध, आणि राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला ही गोष्ट आमच्याकडे आवडीने सांगतात. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि संसार कोणी ओढला ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं आहे म्हणून आपल्याला कळतं. येशूने 'कुर्बान' म्हणणाऱ्यांना झाडलं होतं. मार्क ७ काढून पाहा. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणारे होते ते. देवळाच्या छपरासाठी पाच हजार लिहून देणारा आणि म्हाताऱ्या मायच्या मोतीबिंदूला "पाहू दिवाळीनंतर" म्हणणारा माणूस मी पाहिला आहे. छपराला अजून ते पैसे मिळाले नाहीत, हे जाता जाता.

आता सगळ्यात अवघड भाग: "ह्याही सर्व गोष्टी तुम्हांला मिळतील."

कोणत्या गोष्टी? वरच्या वचनांत यादी आहे: काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं. तेवढंच. ट्रॅक्टर नाही, प्लॉट नाही, पोराला सरकारी नोकरी नाही. तालुक्याला एकदा मोठा मांडव पडला होता. बाहेरून आलेल्या उपदेशकाने हे वचन वाचलं आणि सांगितलं, दशांश, म्हणजे देवाला दिलेला कमाईचा दहावा वाटा, हे बी आहे, पेराल तर दहापट उगवेल. समोर कोरडवाहू शेतकरी बसलेले. बी पेरून काय काय होऊ शकतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? तरी लोकांनी खिशात हात घातला. कर्जाने घायकुतीला आलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे दुसरा सावकार उभा करणं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. ज्या घरातला माणूस कर्जापायी गेला, त्या बाईला "विश्वास कमी पडला" असं ऐकवणारेही या शिकवणीतूनच निघतात. पौल स्वतः लिहितो की तो उपाशी राहिला, थंडीत उघडा राहिला. त्याने राज्य दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं काय?

मग वचन खोटं? मला उत्तर मार्कच्या १०व्या अध्यायात दिसलं. येशू म्हणतो, माझ्यासाठी घर, भाऊ, बहीण, शेत सोडणाऱ्याला या काळातच घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं शंभरपट मिळतील, छळासकट. शंभर शेतं सातबाऱ्यावर तर चढत नाहीत. ती मिळतात ती शंभर घरांची दारं उघडी असल्याने. प्रेषितांच्या कृत्यांच्या ४थ्या अध्यायात म्हटलंय, त्यांच्यात कोणी गरजू नव्हता, कारण ज्यांच्याकडे होतं ते आणून देत होते. म्हणजे 'मिळतील' हे बरंचसं कोणाच्या तरी हाताने मिळतं. देव ज्याला देतो तो बहुधा शेजाऱ्याच्या दारातून देतो. आणि शेजाऱ्याने दार लावून घेतलं तर वचन कोणामुळे अडलं, हा प्रश्न मांडवातल्या उपदेशकाने कधी विचारला नाही.

रविवारचं राहिलं.

शास्त्रात दोन्ही बाजू आहेत. निर्गम ३४मध्ये स्पष्ट म्हटलंय, नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घे. म्हणजे देवाला हंगाम माहीत होता, तरी सांगितलं. उलट लूक १४मध्ये येशू विचारतो, तुमचा बैल शब्बाथाच्या, म्हणजे यहुदी विसाव्याच्या, दिवशी विहिरीत पडला तर तुम्ही लगेच काढणार नाही काय? आणि मार्क २मध्ये, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. शब्बाथ शनिवारचा आणि आपला रविवार, हा फरक आहेच, पण पुतण्याचा प्रश्न वारापुरता नव्हता. त्या रात्री आम्ही बरंच भांडलो. एकाचं म्हणणं, वाफसा विहिरीत पडलेल्या बैलासारखाच आहे, आज नाही काढला तर उद्या मेला. दुसरा म्हणाला, मग कापणी, मळणी, बाजार, सगळेच बैल दर रविवारी विहिरीत पडतील.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली मावशी बोलली. ती मजुरीला जाते, स्वतःचं वावर नाही. "तुमी जाचं का नाई ते तुमी ठरवसान. मले तं धन्यानं बलावलं का जाच लागते. रोजी बुडाली तं सोमवारी कोन देते?" कोणालाच बोलता येईना. अनुवाद ५मध्ये विसाव्याच्या आज्ञेला कारण जोडलेलं आहे: तुझ्या दासालाही, तुझ्या दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. आज्ञा ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापैकी एक आमच्यात बसली होती, आणि आम्ही तासभर मालकांच्या अडचणींवर बोलत होतो.

त्या हंगामापुरती उपासना संध्याकाळी ७ वाजता करायचं ठरलं. एका म्हाताऱ्याने कुरकुर केली, सकाळची उपासना आजोबांपासून चालत आली आहे. मावशी म्हणाली, "देव संध्याकाळी घरी नसते का?" ठराव झाला. चिखलाचे पाय धुऊन माणसं आली, अर्धी पेंगत होती, पण मजुरीला जाणाऱ्या बाया पहिल्यांदा सगळ्या हजर होत्या.

पुतण्याने रविवारी सरकी लावली. नंतर १८ दिवस पाऊस नाही. अंकुर करपले. लगेच कुजबुज झाली, रविवारी पेरलं म्हणून देवाने दाखवलं. मी विचारलं, सोमवारी लावणाऱ्यांचं काय उगवलं? आणि पलीकडचे, ज्यांना रविवारचं काही नाही, त्यांचंही करपलंच ना? तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो, असं मत्तय ५मध्ये आहे. तो न पाडायचा झाला तरी सगळ्यांवरच पाडत नाही, हे आम्हा विदर्भातल्यांनी त्यात जोडून घ्यावं.

दुबार पेरणीला त्याच्याजवळ पैसे नव्हते. कृषी केंद्रवाला आधीची उधारी सोडल्याशिवाय थैली देईना. मंडळीच्या बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढतात, ते विकून आलेल्या पैशातून दोन थैल्या आल्या. तिसरी शेजारच्या धुऱ्यावरच्या पाटलांनी दिली. ते आमच्या मंडळीतले नाहीत. दरवर्षी वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा घालतात आणि आम्हालाही आठवणीने दहीभात देतात. पुतण्या म्हणाला, वेचणी झाली की परत करीन. पाटील म्हणाले, "आधी उगवू दे."

दुसऱ्यांदा सरकी लावली तो वार कोणता होता, ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.